गाडीच्या आतली धूळ काढायला व्हॅक्युम घेताय? डब्यावरचा आकडा आधी नीट वाचा

नागपूर : सोयाबीनची पोती बोलेरोत टाकून कळमना मार्केटला चार चकरा मारल्या, की गाडीच्या आत काय होतं ते सांगायची गरज नाही. सीटखाली कुटार, मॅटमध्ये काळी माती, दरवाज्याच्या कप्प्यात दाणे आणि एसी लावला की नाकात धुरळा. बाहेरून गाडी धुवायला हापशीचं पाणी अन् एक फडकं पुरतं. आतून मात्र झाडू मारला तर धूळ निघत नाही, फक्त जागा बदलते. म्हणून आजकाल खेड्यातही लोक मोबाईलवर व्हॅक्युम क्लिनर शोधतात. शोधलं की समोर शंभर यंत्रं येतात. कोणावर "पाच हजार वॅट", कोणावर "नऊ हजार पास्कल", किंमत ६९९ पासून १५ हजारांपर्यंत.

नेमकं काय घ्यावं? चुकीचं घेतलं तर पैसे पाण्यात जातात. चांगल्यापैकी यंत्राला सात-आठ हजार लागतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे हे झाले दीड क्विंटल सोयाबीनचे पैसे. त्यामुळे घेण्याआधी दहा मिनिटं काढून हे वाचून घ्या.

आमचीच फजिती

आधी स्वतःचं सांगतो. मागच्या दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून आम्ही मोबाईलवरून १,२९९ रुपयांचं छोटं व्हॅक्युम मागवलं. गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये पिन लावायची आणि चालू करायचं. डब्यावर मोठ्या अक्षरात ५,००० वॅट लिहिलेलं. आवाज असा की शेजारचे पाहायला आले. पण मॅटमधलं कुटार जागचं हललं नाही. वरवरची धूळ ओढली, तीही अर्धी मागून बाहेर. पंधराव्या मिनिटाला सॉकेटचा फ्यूज उडाला आणि मोबाईल चार्जिंगही बंद झालं. शेवटी घरातल्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं गाडी साफ केली.

चूक कंपनीची तर होतीच, पण आपलीही होती. कारण तो आकडा खोटा आहे हे साध्या गुणाकारानं कळलं असतं.

गुणाकार करा, खोटं लगेच सापडतं

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. बारा गुणिले दहा म्हणजे १२० वॅट. बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० वॅट. इंजिन चालू असताना व्होल्टेज थोडं वाढतं, तरी फार तर दोनशेच्या आसपास. त्यापुढे गेलं की फ्यूज उडणारच, त्याचं कामच ते आहे.

आता डब्यावरचे ५,००० वॅट घ्या. बारा व्होल्टवर तेवढी ताकद हवी असेल तर चारशेहून जास्त अँपिअर लागतील. तेवढ्या करंटला स्टार्टरला असते तशी जाड केबल लागेल, करंगळीपेक्षा बारीक वायर नाही. म्हणून लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्रावर हजारांत वॅट लिहिले असतील, तर ते पान तिथंच बंद करा.

वॅट म्हणजे ओढ नव्हे

दुसरी गोष्ट. घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रावर १,२०० किंवा १,४०० वॅट लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा खरं असतं. पण तो आकडा यंत्र वीज किती खातं याचा आहे, धूळ किती ओढतं याचा नाही.

विहिरीवरच्या मोटारीचं पाहा. मोटार तीन एचपीची आहे एवढ्यावर कोणी पंप घेत नाही. हेड किती, डिस्चार्ज किती, हे आपण विचारतो. हेड म्हणजे पाणी किती उंच चढवेल, डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला किती लिटर फेकेल. व्हॅक्युमचंही तसंच. त्यात दोन गोष्टी असतात.

पहिली, ओढ. हे झालं हेड. ते किलोपास्कलमध्ये मोजतात. १,००० पास्कल म्हणजे एक किलोपास्कल. एक किलोपास्कल म्हणजे नळीतून पाणी साधारण १० सेंटीमीटर वर ओढण्याची ताकद. म्हणजे ५ किलोपास्कलचं यंत्र पाणी अर्धा मीटर चढवेल आणि २० किलोपास्कलचं दोन मीटर. मॅटच्या धाग्यात अडकलेली रेती, सीटच्या खाचेत रुतलेले दाणे उपटून काढायला ही ओढ लागते.

दुसरी, हवेचा प्रवाह. हा झाला डिस्चार्ज. मिनिटाला किती लिटर हवा आत जाते ते. उपटलेला कचरा नळीतून टाकीपर्यंत वाहून न्यायला हा प्रवाह लागतो. छोट्या हातातल्या यंत्रात तो मिनिटाला काहीशे लिटर असतो, तर जाड नळीच्या मोठ्या यंत्रात दीड-दोन हजार लिटर आणि त्याहून जास्तही.

दोन्ही पाहिजे. पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला तर प्रेशर भरपूर दिसतं, पण पाणी येत नाही. नळीच्या तोंडाशी तळहात लावला की तळवा चिकटतो आणि आपण म्हणतो, "व्वा, काय ताकद आहे!" ती फक्त ओढ झाली. दुकानदार नाणं किंवा कागद चिकटवून दाखवतो, तोही हाच प्रकार. बारीक तोंडाचं कमकुवत यंत्रसुद्धा नाणं उचलतं. त्यावरून गाडी साफ होईल की नाही हे कळत नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. हवेचा स्वतःचा दाबच जवळपास १०० किलोपास्कल आहे. त्यामुळे जगातलं कुठलंही व्हॅक्युम शंभराच्या वर ओढूच शकत नाही. हातात मावणाऱ्या यंत्रावर १,२०,००० पास्कल लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा मोजून लिहिलेला नाही हे समजा.

तीन प्रकार, तीन कामं

बाजारात गाडीसाठी मुख्यतः तीन तऱ्हेची यंत्रं मिळतात. खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत, सणासुदीत कमी-जास्त होतात.

पहिला प्रकार लायटरवर चालणारा. किंमत ८०० ते २,००० रुपये. ताकद आत्ताच पाहिली, दोनशे वॅटच्या आत. डॅशबोर्डवरची धूळ, पोरांनी सांडलेला चिवडा, सीटवरचे बारीक कण एवढ्यापुरता ठीक. शहरातल्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पुरेल. शेतात जाणाऱ्या गाडीला नाही.

दुसरा प्रकार चार्जिंगचा, बिनवायरीचा. किंमत १,५०० पासून ५,००० आणि पुढे. हाताळायला सोपा, वायरीचा गोंधळ नाही. पण इथंही गुणाकार करा. समजा आत ७.४ व्होल्टची, २,००० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी आहे. ७.४ गुणिले २ म्हणजे १४.८ वॅट-तास. मोटार १२० वॅटची असेल तर ही बॅटरी जेमतेम सात मिनिटं चालेल. कंपनी "अर्धा तास" म्हणते तेव्हा तो कमी ताकदीच्या बटणावरचा अर्धा तास असतो. बोलेरो किंवा अर्टिगासारखी गाडी आतून नीट साफ करायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून बॅटरी किती मोठी आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात घ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून १५-२० अंश सहज जास्त असतात. लिथियम बॅटरीचं यंत्र अशा गाडीत ठेवलं तर बॅटरी लवकर मरते, फुगते, कधी पेटही घेऊ शकते. वापरून झालं की यंत्र घरात आणा, गार झाल्यावरच चार्जिंगला लावा.

तिसरा प्रकार ओला-कोरडा, म्हणजे वेट अँड ड्राय. खाली ड्रमसारखी टाकी, वर मोटार, बाजूला जाड नळी. घरच्या विजेवर चालतो. दहा लिटरचं यंत्र साधारण ४ ते ६ हजारांत, पंधरा-वीस लिटरचं ६ ते १० हजारांत येतं. वॅट १,००० ते १,६००, ओढ बहुधा १६ ते २१ किलोपास्कलच्या दरम्यान. युरेका फोर्ब्स, कार्चर, बॉश, इनाल्सा, अगारो, अमेरिकन मायक्रोनिक अशा बऱ्याच कंपन्यांची यंत्रं मिळतात. आम्ही कोणा एकीची शिफारस करत नाही.

खेड्यातल्या गाडीला हाच तिसरा प्रकार कामाचा. कुटार, माती, रेती, पावसाळ्यात भिजलेली मॅट, सगळं ओढतो. वरून घरातला कूलर, पंखा, गादी, पलंगाखालचा कोपराही साफ होतो. बहुतेकांत हवा फेकायची सोयही असते, तिनं एसीची जाळी आणि सीटच्या सांध्यातली धूळ उडवता येते.

तुमच्या तालुक्यात गाडीत काय सांडतं?

यंत्र निवडताना हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. कारण काटोल-नरखेडची गाडी वेगळी आणि भिवापूरची वेगळी.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, हिंगणा या भागात कापूस अन् संत्रा. रूई व्हॅक्युमच्या ब्रशला गुंडाळते आणि नळी तुंबते. त्यामुळे फिरता ब्रश असलेलं यंत्र घेऊ नका. साधं चपटं तोंड बरं. रूई आणि केस आधी रबरी हातमोजा घालून सीटवरून एका दिशेनं पुसा, गोळा होतात. मग ओढा. संत्र्याचा रस सांडला असेल तर वाळू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसून मग ओल्या-कोरड्या यंत्रानं पाणी ओढून घ्या. नाहीतर मुंग्या येतात.

मौदा, रामटेक, पारशिवनी, कुही भागात धान. तणीस आणि कोंडा हलका असतो, पटकन ओढला जातो, पण टाकी लवकर भरते. इथं टाकी मोठी पाहिजे, निदान पंधरा लिटर. पेंचच्या सिल्लारी फाटकाकडे जिप्सी चालवणाऱ्यांची गाडी तर उघडीच, तिच्यात जंगलातली लाल धूळ रोजची.

उमरेड आणि सावनेरच्या कोळसा खाणींचा पट्टा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा परिसर, रामटेक-सावनेर भागातल्या मॅंगनीज खाणी. इथली धूळ फार बारीक. आणि भिवापूरची तर मिरची. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची गाडीतून नेली, एखादं पोतं फाटलं, की पुढचे चार दिवस गाडीत बसणारा शिंकतोच.

अशा बारीक धुळीला ओढीपेक्षा फिल्टर जास्त महत्त्वाचा. साधा कापडी किंवा स्पंजचा फिल्टर असेल तर बारीक धूळ समोरून आत जाते आणि मागून हवेबरोबर बाहेर येते. म्हणजे आधी सीटवर होती ती आता तुमच्या नाकात. मिरचीची पूड असेल तर तिथं उभंही राहवत नाही. यासाठी "हेपा" फिल्टर असतो. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. सोबत धुळीची पिशवी लावायची सोय असेल तर आणखी चांगलं, टाकी रिकामी करताना धूळ परत उडत नाही. घरात कोणाला दमा असेल, किंवा गाडीत शाळेची पोरं नेत असाल, तर हजारभर रुपये जास्त गेले तरी हेपावालंच घ्या. आणि साफ करताना चारही दरवाजे उघडे ठेवून तोंडाला एन-९५ मास्क लावा.

हे चुकूनही ओढू नका

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

पेट्रोल, डिझेल, थिनर सांडलं असेल तर व्हॅक्युम लावू नका. मोटारीत कार्बन ब्रश असतात, त्यांच्यातून ठिणग्या पडतात. वाफ आत गेली की भडका उडू शकतो.

पेटती बिडी, उदबत्तीची गरम राख, पूजेच्या धुपाचे निखारे ओढू नका. वरून विझलेले दिसतात, आतून गरम असतात. टाकीतल्या कुटाराला हवा मिळाली की पेटायला वेळ लागत नाही. दसऱ्याला हार-फुलं, तांदूळ, राख सगळं एकत्र ओढणारे पुष्कळ आहेत. राख आधी हातानं काढा.

कीटकनाशकाची पावडर हा सर्वात गंभीर विषय. बी-बियाणं, खत, औषध आपण घरच्याच गाडीतून आणतो. पाकीट फुटलं आणि पावडर सांडली, तर घरचं व्हॅक्युम लावू नका. साध्या फिल्टरमधून ते विष धुरळा होऊन बाहेर येईल आणि नंतर तेच यंत्र तुम्ही पोरांच्या गादीवर फिरवाल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. विष अंगात जायला प्यावंच लागतं असं नाही, श्वासातून आणि कातडीतूनही जातं. अशा वेळी हातमोजे आणि मास्क घाला, लेकरांना दूर ठेवा, पावडरीवर ओलसर माती टाकून ती हलक्या हातानं सुपलीत भरा. पाकिटावरच्या सूचना वाचा. ती माती विहीर, नाला, गोठा यांच्या जवळ टाकू नका. मळमळ, डोळ्यांची जळजळ किंवा चक्कर वाटली तर पाकीट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

युरिया, डीएपीसारखं खत सांडलं तर मोठे दाणे हातानं किंवा सुपलीनं गोळा करा. थोडं ओढलं गेलंच तर टाकी लगेच रिकामी करून पुसा. खत हवेतलं पाणी धरतं आणि धातू गंजवतं.

वीज : गावातला खरा अडथळा

यंत्र चांगलं घेतलं, पण वायर पातळ असेल तर उपयोग नाही. १,४०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या वर करंट घेतं. म्हणजे घरातल्या साध्या पाच-सहा अँपिअरच्या सॉकेटच्या मर्यादेवर. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट वापरा.

अंगणात गाडी आणि खोलीत सॉकेट, मग मधे एक्स्टेंशन. इथंच घोळ होतो. गणपतीच्या लायटिंगची पातळ वायर लावू नका, ती गरम होऊन वितळते. निदान १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची वायर घ्या. गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नका. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, शक्य असेल तर ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवा. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून यंत्र चालवू नका.

संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं तेव्हा यंत्राची ओढही कमी होते. यंत्र बिघडलं असं समजू नका. सकाळी किंवा दुपारी करून पाहा. घरच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवायला जाऊ नका, पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर एवढा भार घेत नाही.

लायटरवालं यंत्र असेल तर वेगळी काळजी. इंजिन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, जुनी बॅटरी असेल तर गाडी स्टार्ट होणार नाही. आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर गाडी उघड्यावर आणा. बंद शेडमध्ये सायलेन्सरचा धूर साठतो, त्याला वास नसला तरी तो जीव घेतो.

गाडीत पाणी शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झालं ते आठवत असेल. काही तासांत धो-धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. घरासमोर उभ्या असलेल्या कित्येक गाड्यांत चिखल भरला. असा प्रसंग खेड्यातल्या नाल्याकाठीही येतो.

तेव्हा आधी व्हॅक्युम काढू नका. आधी मोबाईल काढा. पाणी कुठवर आलं, सीट, डॅशबोर्ड, इंजिन, सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा आणि विमा कंपनीला कळवा. साफ केल्यावर पुरावा राहत नाही. चावी फिरवून गाडी चालू होते का ते पाहू नका, इंजिनात पाणी असेल तर मोठं नुकसान होतं. बॅटरीची वायर सोडवून घ्या.

विमावाल्यांनी हो म्हटल्यावर मग ओला-कोरडा व्हॅक्युम लावा. पाणी ओढताना कापडी किंवा कागदी फिल्टर काढून कंपनीनं दिलेला स्पंजचा फिल्टर लावायचा असतो, हे माहितीपुस्तकात पाहून घ्या. टाकी भरत आली की आतला फ्लोट वर येतो, आवाज बदलतो आणि ओढ थांबते. तेव्हा यंत्र बंद करून पिन काढा आणि टाकी ओता. खालचं कार्पेट उचलून त्याखालचं पाणीही ओढा. नंतर दरवाजे उघडे ठेवून एक-दोन दिवस पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशीचा वास महिनोन्महिने जात नाही. कोरड्या कामाचं यंत्र मात्र पाण्याला कधीच लावू नका. पाणी मोटारीत गेलं की शॉक बसू शकतो.

दुकानात गेल्यावर

बर्डी, सदर, इतवारी कुठंही जा, किंवा तालुक्याच्या दुकानात. एक काम करा. आपल्या गाडीची एक मॅट जशी आहे तशी, मातीसकट सोबत न्या. दुकानदाराला म्हणा, "भाऊ, यावर चालवून दाखवा." नाणं नको, कागद नको. मॅटच्या धाग्यातली रेती दोन-तीन फेऱ्यांत निघाली तर यंत्र चांगलं. दुकानदार दाखवायला तयार नसेल तर दुसरं दुकान पाहा.

सोबत एवढं विचारा :

– किलोपास्कल किती? गाडीच्या मॅटसाठी १५ च्या वर असावेत. हवेचा प्रवाह किती, तेही.
– नळी किती लांब? दीड ते दोन मीटर तरी पाहिजे. वायर चार-पाच मीटर.
– चपटं लांब तोंड, गोल ब्रश आणि सीटचं रुंद तोंड, ही तीनही सोबत आहेत का?
– फिल्टर कोणता? धुता येतो का? नवीन फिल्टर केवढ्याला आणि कुठं मिळतो?
– टाकी किती लिटरची? वर लिहिलेले लिटर आणि प्रत्यक्ष मावणारी धूळ यात फरक असतो.
– सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का? मोटारीची वॉरंटी किती, बाकी भागांची किती?

फिल्टर आणि सर्व्हिसचा प्रश्न सर्वात आधी विचारला तरी चालेल. अनोळखी नावाचं यंत्र स्वस्तात येतं, पण वर्षभरानं फिल्टर मिळत नाही आणि सगळं यंत्र अडगळीत जातं.

जीएसटीचं पक्कं बिल घ्याच. ऑनलाईन मागवलं तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि जाहिरातीतल्या आकड्यांचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. माल खोटा निघाला आणि विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर फिरवा. तिथंही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आमचे १,२९९ रुपये आम्ही "जाऊ दे" म्हणून सोडले. तुम्ही सोडू नका. आपण सोडतो म्हणूनच असे डबे विकले जातात.

साफ करायची रीत

चांगलं यंत्र असूनही गाडी साफ होत नसेल तर रीत चुकते. आधी मॅट बाहेर काढून झटका. मग वरून खाली या : छत, डॅशबोर्ड, सीट, शेवटी खालचा भाग. उलट केलं तर वरची धूळ परत खाली पडते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात नळी. ब्रशनं धूळ सैल करा आणि लगेच ओढा. नळी सावकाश फिरवा, घाईनं फिरवली तर रुतलेली रेती निघत नाही. काळी माती ओली असेल तर आधी वाळू द्या. ओल्या मातीवर पाणी मारलं की ती धाग्यात आणखी खोल जाते. वाळली की ब्रशनं फोडून ओढा.

सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसतील, ते एअरबॅगचे असू शकतात. त्यांना नळीनं किंवा हातानं ओढू नका. एसीतून तरीही धूळ येत असेल तर दोष व्हॅक्युमचा नाही, एसीचा केबिन फिल्टर बदलायला झाला आहे.

काम झालं की टाकी रिकामी करा, फिल्टर घराबाहेर झटका. धुण्यासारखा असेल तर धुवा, पण सावलीत पूर्ण एक दिवस वाळवल्याशिवाय लावू नका. ओला फिल्टर लावला की धुळीचा चिखल होतो आणि ओढ संपते. "यंत्र जुनं झालं, ओढत नाही" अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा फिल्टर तुंबलेला असतो.

धंदा करायचा असेल तर

गावाच्या फाट्यावर गाडी धुवायचं सेंटर टाकायचा विचार असलेल्या पोरांसाठी थोडं. रोज आठ-दहा गाड्या करायच्या असतील तर घरगुती यंत्र टिकणार नाही, त्याची मोटार तासनतास चालायला बनवलेली नसते. दोन मोटारींचं, तीस लिटर किंवा मोठ्या स्टीलच्या टाकीचं व्यावसायिक यंत्र घ्या. समजा ते १५ हजारांना पडलं आणि आतून साफ करायचे तुम्ही गाडीमागे शंभर रुपये जास्त घेतले, तर दीडशे गाड्यांत यंत्राची किंमत वसूल. विजेचा खर्च फारसा नाही. २,००० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर एक युनिटही जळत नाही. मात्र घरगुती मीटरवर धंदा करू नका, महावितरणकडून व्यावसायिक जोडणी घ्या. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, बँकेत चौकशी करा. रोज धुळीत काम असेल तर मास्क स्वतःलाही आणि कामावरच्या पोरालाही.

आणि घरापुरतंच हवं असेल तर आणखी एक तोडगा. गाडी महिन्यातून दोनदा साफ होते, बाकी दिवस यंत्र पडून राहतं. भावकीतल्या किंवा शेजारच्या चार घरांनी मिळून एक चांगलं घेतलं तर प्रत्येकाला दोन-दोन हजार पडतात. फवारणी पंप आणि ताडपत्री आपण एकमेकांची वापरतोच. फक्त फिल्टर साफ करायची पाळी कोणाची, हे आधी ठरवून घ्या. भांडणं तिथूनच सुरू होतात.